कूपनांच्या राज्यांतील वधूवेष

लग्न पाहावें करून, घर पाहावें बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा रोख खर्चावर आणि दगदगीवर आहे. परंतु हातीं पैसा असूनहि वस्तु मिळूं नये, अशी वेळ लग्नघरावर आली तर काय करावें, याचें उत्तर त्या म्हणींत सांपडत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमधील प्रत्येक वधूवर ही वेळ आली होती. बाजारांत कापड अगदींच नव्हतें असें नाहीं. पण तें किती घ्यावयाचें, हें खरेदीदाराच्या ऐपतीवर न राहतां सरकारी कूपनांच्या संख्येवर ठरूं लागलें होतें. १९४१ पासून १९४९ पर्यंतच्या आठ वर्षांत तेथील मुलींनीं आणि त्यांच्या आयांनीं लग्नाचे पोशाख घरीं बसून कसे शिवले, आणि मुळांत कशासाठीं शिवले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय लहान आहे हें मला मान्य आहे. लढाया, तह आणि मंत्रिमंडळें यांच्या इतिहासांत त्याला एखाददुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळत नाहीं. परंतु राष्ट्रावर आलेल्या संकटाचा भार उंबरठ्याच्या आंत नेमका कोणी उचलला, हें ज्याला पाहावयाचें असेल त्याला या सुईदोऱ्याच्या वाटेनेंच जावें लागतें.

आरंभींच एक फरक ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्या मंगलकार्यांतील मुख्य वस्त्र शिवलेलें नसतें. अष्टपुत्री असो, शालू असो कीं पैठणी असो, मागावरून उतरलेलें वस्त्र जसेंच्या तसें अंगावर येतें. सोवळ्याच्या कल्पनेंत तर शिवलेलें वस्त्र वर्ज्यच ठरलें आहे. ओटींत घालतात तो खणहि न शिवलेला असतो. त्याची चोळी जिची तिनें मागाहून बेतावयाची. त्यामुळें लुगडें आईचें लेकीला, थोरलीचें धाकटीला, एवढेंच काय पण शेजारणीचें शेजारणीलाहि सहज होतें. युरोपीय पोशाखाची तऱ्हा निराळी. तो एका विशिष्ट देहाच्या मापानें कापावा लागतो, आणि एकदां कात्री चालली कीं कापड पुन्हां कापड होत नाहीं. म्हणून तेथें मंगल वस्त्राचा विचार निघाला कीं शिवणाचा विचार टळत नाहीं. वस्त्र विकत घेतां येत नसेल तर तें कोणी तरी शिवलेंच पाहिजे.

वधूनें पांढरा झगाच घालावा, ही चालहि आपण समजतों तितकी प्राचीन नाहीं. पूर्वी सामान्य घरांतील वधू आपला त्यांतल्या त्यांत चांगला पोशाख घाली. त्याचा रंग कोणताहि असे, आणि लग्नानंतर रविवारीं देवळांत जातांना तोच पोशाख पुढें वर्षानुवर्षें वापरला जाई. ता. १० फेब्रुवारी १८४० रोजीं व्हिक्टोरिया राणीचा विवाह झाला. तिनें पांढऱ्या साटिनचा झगा आणि डेव्हन परगण्यांत विणलेली होनिटन लेस वापरली. देशी कारागिरांच्या हातांना काम मिळावें हाहि त्यांत एक हेतु होता. राणीनें केलें तें सरदारांनीं केलें, आणि सरदारांनीं केलें तें हळूहळू व्यापाऱ्यांच्या व कारकुनांच्या घरांत उतरलें. या उतरणीला यंत्रानें हातभार लावला. एलियस हाऊ याला अमेरिकेंत शिवणयंत्राचें पेटंट १८४६ सालीं मिळालें, आयझॅक सिंगर याला १८५१ सालीं. आणि थोड्याच वर्षांत सिंगरच्या कंपनीनें हप्तेबंदीनें यंत्रें विकण्यास आरंभ केला. १८६३ सालीं मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्यानें मापाप्रमाणें कापलेले कागदी नमुने विकावयास काढले. यंत्र घरांत, नमुना टपालानें दारांत. मग मोठ्या दुकानांतील झग्याची नक्कल स्वयंपाकघरांतील मेजावर होऊं लागली तर नवल नाहीं. शंभर वर्षांच्या आंत पांढरा झगा हा राणीचा मान राहिला नाहीं. कोणाहि मुलीला आपल्या आयुष्यांतील एका दिवसापुरता तो आपला हक्क वाटूं लागला. १९३९ सालीं युद्ध पेटलें तेव्हां स्थिति ही होती.

रविवार ता. १ जून १९४१ रोजीं सकाळीं बोर्ड ऑफ ट्रेडचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटल्टन यांनीं नभोवाणीवरून जाहीर केलें कीं, आजपासून कपड्यांचें शिधावांटप सुरू झालें आहे. दिवस सणाचा आणि सुटीचा, दुकानें बंद. तो मुद्दाम निवडलेला होता, कारण आगाऊ सुगावा लागता तर दुकानांपुढें झुंबड उडाली असती. बातमी फुटूं नये म्हणून नवीं कूपनेंसुद्धां छापलीं नव्हतीं. लोकांच्या हातीं असलेल्या अन्नाच्या शिधापुस्तकांतील मार्गरिनचीं न वापरलेलीं कूपनें आरंभीं कापडासाठीं वापरावीं, अशी युक्ति योजण्यांत आली. पंतप्रधान चर्चिल यांना ही योजना प्रथम रुचली नव्हती. आपल्या प्रजेला चिंध्या नेसविण्याचें त्यांच्या मनांत नव्हतें. परंतु कापूस आणि लोंकर आणावयास जहाजें नव्हतीं, गिरण्यांतील हात दारूगोळ्याच्या कारखान्यांत हवे होते, आणि जें कापड विणलें जाई त्यांतील मोठा वांटा गणवेशांकडे जात होता. दुसरा मार्ग उरला नव्हता.

पहिल्या वर्षीं प्रत्येक माणसाला ६६ कूपनें मिळालीं. बाईच्या लोंकरी पोशाखाला ११, सुती किंवा कृत्रिम रेशमाच्या पोशाखाला ७, कोटाला १४, जोड्याला ५, पायमोजांना २, असे दर होते. ३६ इंची पन्ह्याच्या कापडाला वारामागें दोन कूपनें पडत, लोंकरी असल्यास तीन. आतां लग्नाचा हिशेब करून पाहूं. पायघोळ झगा, लांब बाह्या आणि मागें लोळणारा घोळ यांसाठीं नऊ वार कापड धरलें, म्हणजे आपल्या नऊवारीइतकेंच, तर १८ कूपनें तेथेंच संपलीं. जोडा आणि मोजे मिळून ७. लग्नानंतर वापरावयास एखादा कोट घ्यावा तर १४. एका दिवसासाठीं वर्षाच्या शिध्यांतील निम्म्याहून अधिक भाग गेला. अंतर्वस्त्रें, रोजचे कपडे आणि थंडीची तरतूद उरलेल्यांत करावयाची. पुढें पुढें शिधा कमी होत गेला. युद्ध जिंकल्यानंतर तो वाढेल अशी आशा होती. पण १ सप्टेंबर १९४५ पासून ३० एप्रिल १९४६ पर्यंतच्या आठ महिन्यांसाठीं अवघीं २४ कूपनें मिळालीं. म्हणजे महिन्याला तीन! आणि लग्नें तर याच सुमारास सर्वांत अधिक, कारण सैनिक घरीं परतूं लागले होते.

१९४२ सालीं निर्बंधांचें दुसरें पर्व सुरू झालें. कपड्याला खिसे किती असावे, बटणें किती, चुण्या किती, हें सरकारी हुकूम ठरवूं लागले. भरतकाम आणि शोभेची लेस यांवर बंदी आली. पुरुषांच्या विजारीच्या पायाशीं असणारी दुमडहि गेली. याच सुमारास माफक दराचा, टिकाऊ आणि साधा माल काढण्याची ‘युटिलिटी’ योजना आली, आणि त्या मालासाठीं हार्टनेल, मॉलिन्यू यांसारख्या नामांकित वेषकारांकडून नमुने करून घेण्यांत आले. माल बरा होता, हें त्या काळच्या लोकांनींहि कबूल केलें आहे. परंतु सरकारच्या दृष्टीनें चांगला म्हणजे उपयुक्त. आणि लग्नाचा झगा तर व्याख्येनेंच अनुपयुक्त. एकदां घालावयाचा, आणि तोहि पांढरा, लांब, लोळणारा, मळणारा. काटकसरीच्या कोणत्याहि तक्त्यांत तो बसत नव्हता. बंदी मात्र कारखानदार आणि शिंपी यांच्या मागें लागलेली. घरांतील शिवणाच्या टोपलीपर्यंत निरीक्षक पोहोंचणें शक्य नव्हतें. जें दुकानांत शिवून मिळणार नाहीं तें घरीं शिवावें, हा मार्ग येथेंच मोकळा राहिला.

सरकारनेंहि सुईला उत्तेजन दिलें, पण निराळ्या हेतूनें. १९४३ सालीं बोर्ड ऑफ ट्रेडनें ‘मेक डू अँड मेंड’, म्हणजे आहे त्यांत भागवा आणि दुरुस्त करून वापरा, या नांवाची पुस्तिका काढली. शिवणाचे वर्ग भरूं लागले. जाहिरातींतून ‘मिसेस सू-अँड-सू’ नांवाची एक बाहुली बायकांना रफू कसें करावें, बाह्यांची झिजलेली कड कशी उलटावी, पुरुषाच्या जुन्या कोटांतून बाईचा पोशाख कसा काढावा, हें शिकवूं लागली. उपदेश वावगा नव्हता. परंतु दुरुस्त करावयाला मुळांत घरांत कांहीं असावें लागतें. ज्यांचीं कपाटें युद्धापूर्वी भरलेलीं होतीं त्यांना ही पुस्तिका उपयोगी पडली. ज्यांच्या घरीं दोनच जोड, आणि तेहि विरलेले, त्यांना ‘अंथरूण पाहून पाय पसरा’ हें सांगण्यांत काय अर्थ? अंथरूणच आंखूड होतें. कूपनांची समता अशीच फसवी होती. स्वस्त पोशाखाला आणि भारी पोशाखाला कूपनें सारखींच. त्यामुळें श्रीमंत बाई सात कूपनांत पांच वर्षें टिकणारें वस्त्र घेई, तर गरीब बाई त्याच सात कूपनांत वर्षभरांत विटणारें. कायदा दोघींना एकाच मापानें मोजत होता, परंतु कापड तसें मोजत नव्हतें.

मग लग्नाचें कापड आलें कोठून? पहिली जागा आईची पेटी. आईचा किंवा मावशीचा १९२०-३० च्या सुमाराचा झगा उसवून, त्याचे भाग उलटेसुलटे करून, नव्या देहावर नवा बेत काढावयाचा. दुसरी जागा खिडकी. पडद्यांच्या जाळीच्या कापडाचीं मुखाच्छादनें झालीं, आणि कोठें कोठें अख्खे झगेहि झाले. तिसरी जागा सर्वांत नवलाची, ती आकाश. हवाई छत्र्या आरंभीं रेशमाच्या असत. जपानशीं युद्ध जुंपल्यावर रेशीम तुटलें आणि त्यांची जागा नायलॉननें घेतली. फाटलेल्या, टाकाऊ ठरलेल्या किंवा कोणीतरी गुपचूप आणलेल्या छत्र्यांचें कापड घरोघर जाऊं लागलें. ती सरकारी मालमत्ता, आणि ती दडवून ठेवणें हा गुन्हा; पण ही भीति लग्नघराला फारशी पडलेली दिसत नाहीं. युद्ध संपल्यावर शिल्लक छत्र्यांचें कापड रीतसर विक्रीस आलें.

छत्रीच्या कापडाचा झगा शिवणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. छत्री अखंड ठाणाची नसते. वर निमुळत्या आणि खालीं रुंद होत जाणाऱ्या लांबट पाकळ्या एकमेकींस जोडून ती झालेली असते. त्या पाकळ्यांच्या शिवणी माणसाचा भार तोलण्यासाठीं घातलेल्या, म्हणजे दुहेरी आणि घट्ट. त्या एकेक टांका उसवून सोडवावयाच्या, कारण कात्री लावली तर अगोदरच अरुंद असलेली पाकळी आणखी अरुंद व्हावयाची. कापड निसरडें, धांवदोरा घातल्याशिवाय यंत्राखालीं ठरत नाहीं. आणि तुकडे त्रिकोणी असल्यामुळें झग्याच्या घेरांत जागोजाग उभ्या शिवणी दिसणारच. चतुर शिवणारीण या शिवणी लपवीत नसे. त्याच घेराची शोभा म्हणून समान अंतरावर खालपर्यंत उतरवी. संग्रहालयांतील असा झगा पाहणाऱ्याला त्या शिवणींवरूनच तें कापड पूर्वी काय होतें तें ओळखतां येतें. लेखी पुरावा खोटें बोलूं शकतो. शिवण सहसा खोटें बोलत नाहीं.

या जातीचा एक झगा वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. ऑगस्ट १९४४ मध्यें जपानवरील हल्ल्याहून परततांना एका अमेरिकन वैमानिकाच्या विमानाला आग लागली, आणि त्याला चीनच्या भूमीवर उडी घ्यावी लागली. छत्रीनें त्याचा जीव वांचविला; त्या रात्रीं तीच त्याचें उसें आणि तीच पांघरूण झाली. ती त्यानें जपून ठेवली, आणि पुढें आपल्या प्रियेला मागणी घालतांना हिचा तुझ्या लग्नाचा पोशाख कर म्हणून तिच्या हातीं दिली. छत्रीचा झगा होणार कसा, या विचारांत ती मुलगी प्रथम पडली. शेवटीं वरचा भाग आणि मुखाच्छादन तिनें एका शिवणारणीकडून करून घेतलें, आणि घेर स्वतः केला. छत्रीच्या दोऱ्या ओढून तो पुढें आंखूड आणि मागें लोळता राहील अशी तिनें योजना केली. १९४७ च्या जुलैंत लग्न झालें. पुढें त्यांच्या मुलीनें आणि सुनेनेंहि तोच झगा आपापल्या लग्नांत घातला. जी वस्तु मरणापासून वांचविण्यासाठीं शिवली होती ती तीन संसारांच्या आरंभीं उपयोगी पडली.

दुसरें उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. जर्मनींतील बेर्गेन-बेल्सेन येथील छळछावणी ता. १५ एप्रिल १९४५ रोजीं मुक्त झाली, आणि तिच्याशेजारीं निराश्रितांची वसाहत उभी राहिली. आईबाप, घरदार, नांवनिशाणी सारें गमावून बसलेल्या तेथील एका ज्यू तरुणीचें लग्न ठरलें. तिची इच्छा एकच होती, पांढरा झगा. तिच्या नियोजित वरानें एका माजी जर्मन वैमानिकाकडून दोन पौंड कॉफी आणि कांहीं सिगारेट देऊन एक हवाई छत्री मिळविली. वसाहतींतीलच एका शिवणारणीनें तिचा झगा शिवला, आणि उरलेल्या कापडांत वराचा सदराहि काढला. २७ जानेवारी १९४६ रोजीं लग्न लागलें. पुढें तो झगा वधूच्या बहिणीनें घातला, मग आणखी एकीनें, मग आणखी एकीनें. सतरा वधूंपर्यंत मोजल्यावर तिनें मोजणें सोडून दिलें. ज्या ठिकाणीं माणसांना अंगावरच्या चिंध्यांखेरीज कांहीं उरूं दिलें नव्हतें त्याच ठिकाणच्या संग्रहालयांत आज तो झगा ठेवलेला आहे. तो पाहिल्यावर ‘युद्धांत नटण्यामुरडण्याची हौस कशाला’ असा प्रश्न विचारण्याचें धैर्य कोणाला होईल असें मला वाटत नाहीं.

पुन्हां इंग्लंडकडे वळूं. सर्वच वधूंनीं झगा शिवला असें मुळींच नाहीं. कित्येकींनीं गणवेशांतच लग्न केलें, कित्येकींनीं साध्या कोटांत. उसने झगे मिळवून देण्याचीहि खटपट झाली. कादंबरीकर्त्री बार्बरा कार्टलंड यांनीं सैन्यांतील मुलींसाठीं जुने झगे विकत घेऊन त्यांचा एक सांठाच केला, आणि मुली तेथून झगा नेऊन लग्न झाल्यावर परत आणून देऊं लागल्या. म्हणजे पांढऱ्या झग्यावांचून लग्न अडत नव्हतें, आणि तें कोणी कायद्यानें लादलेलेंहि नव्हतें. १९४० सालीं केकवर साखरेचा लेप देण्यास बंदी झाली तेव्हां लोकांनीं पुठ्ठ्याचें पांढरें टोपण करून तें साध्या केकवर ठेवलें, तसेंच हें. ज्यांनीं झगा शिवला त्यांनीं तो जाणूनबुजून, रात्रीचा दिवस करून शिवला.

रात्रीचा दिवस करून, हे शब्द येथें अलंकार म्हणून वापरलेले नाहींत. डिसेंबर १९४१ मधील कायद्यानें वीस ते तीस वर्षें वयाच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रीय सेवेची सक्ति झाली. दिवसभर कारखान्यांत, कचेरींत किंवा सैन्याच्या एखाद्या खात्यांत काम, आणि घरीं आल्यावर खिडक्यांना अंधारपटाचे काळे पडदे लावून मंद दिव्याखालीं शिवण. वराची रजा कधीं मंजूर होईल याचा नेम नसे. ती मिळाली कीं चार दिवसांत लग्न उरकावयाचें, म्हणजे झगाहि तेवढ्यांतच उरकावयाचा. मुलगी छावणींत असली तर आई शिवी. आईचे डोळे अधू झाले असले तर आजीच्या हाताखालीं धाकटी बहीण शिवी. या श्रमाची कोठें नोंद नाहीं. कूपनें किती छापलीं, किती वार कापड वांचलें, किती कामगार मोकळे झाले, याचे आंकडे सरकारी दफ्तरांत आहेत. पण वांचलेल्या प्रत्येक वारामागें कोणाचे किती तास गेले, हें दफ्तराला ठाऊक नाहीं. टंचाईच्या काळांत राज्यकर्ते ज्याला बचत म्हणतात ती पुष्कळ वेळां बाईच्या फुकट श्रमांत पडलेली भर असते. हें सत्य कांहीं इंग्लंडपुरतेंच नाहीं.

१९४७ च्या नोव्हेंबरांत या साऱ्या प्रकरणाचें एक मोठें मार्मिक चित्र दिसलें. राजकन्या एलिझाबेथ हिचें लग्न ता. २० रोजीं व्हावयाचें होतें, आणि युद्ध संपून दोन वर्षें लोटलीं तरी कूपनें चालूच होतीं. राजघराण्यांतील माणसेंहि त्या नियमाला बांधलेलीं; म्हणून राजकन्येला विवाहासाठीं सरकारांतून जादा कूपनें मंजूर करावीं लागलीं. तें ऐकून देशांतील कित्येक स्त्रियांनीं आपल्या तुटपुंज्या शिध्यांतील कूपनें कापून तिच्याकडे पाठविलीं. तीं सर्व परत करण्यांत आलीं, कारण आपलीं कूपनें दुसऱ्यास देणें बेकायदेशीर होतें. हार्टनेल यांनीं बेतलेल्या त्या झग्यावर दहा हजार मोत्यांचें भरतकाम होतें. ज्या बायकांनीं कूपनें पाठविलीं त्यांतील कित्येकींनीं स्वतः कशांत लग्न केलें असेल, याची कल्पना आतां वाचकांस करतां येईल. त्यांना राजकन्येचा हेवा वाटला नाहीं. आपल्या मुलीसाठीं जें केलें असतें तेंच त्यांनीं तिच्यासाठीं केलें. अखेर ता. १५ मार्च १९४९ रोजीं कपड्यांचें शिधावांटप बंद झालें.

याच वर्षांत आपल्या देशांत काय चाललें होतें? कापडाची महागाई येथेंहि पेटली होती. १९४३ सालीं सुती कापड आणि सूत यांवर सरकारी नियंत्रण आलें. म्हैसूरच्या रेशमाला हवाई छत्र्यांसाठीं मागणी आली. परंतु मंगल वस्त्रापुरतें पाहिलें तर सर्वांच्या डोळ्यांपुढें येतें तें ता. २६ मार्च १९४२ रोजीं अलाहाबादेस आनंदभवनांत झालेलें लग्न. त्यांत इंदिरा नेहरू यांनीं नेसलेली गुलाबी साडी पित्यानें तुरुंगांत कांतलेल्या सुताची होती. वस्त्र न शिवण्याची आपली रीति येथेंहि पाळली गेली. घरच्या हाताचें श्रम सुईंत न येतां चरख्यांत आले, एवढाच भेद. ज्या सरकारनें एका पित्याला कोंडलें होतें त्याच सरकारच्या देशांत त्या वर्षीं आया आपल्या लेकींसाठीं पडदे उसवीत होत्या. दोन्हीकडे वस्त्र बाजारांतून येऊं शकत होतें किंवा नव्हतें, हा प्रश्न दुय्यम आहे. घरच्या माणसाचा वेळ त्यांत विणला किंवा शिवला गेला, म्हणून तें मंगल झालें.

आतां मूळ प्रश्न. हा खटाटोप कशासाठीं? काटकसर हें त्याचें उत्तर नव्हे. सर्वांत मोठी काटकसर झगा न करण्यांतच होती. हौस म्हणावी तर बाँबवर्षावाच्या रात्रीं जागून कोणी केवळ हौसेसाठीं टांके घालीत नाहीं. मला दिसतें तें असें. त्या काळीं माणसाच्या आयुष्यांतील जवळ जवळ प्रत्येक गोष्ट सरकारनें मोजावयास घेतली होती: लोणी किती, कोळसा किती, झोप कोठें घ्यावी, काम कोणतें करावें. लोकांनीं तें बिनतक्रार मानलें, कारण कारण खरें होतें. मात्र एक दिवस त्या मोजमापाबाहेर ठेवावा, त्या दिवशीं तरी आपण एक आंकडा नसून कोणाची तरी लेक आहों, हें चारचौघांत दिसावें, एवढा आग्रह त्यांनीं धरला. तो त्यांनीं सभा भरवून किंवा अर्ज करून धरला नाहीं. सुई हातीं घेऊन धरला.

असे झगे आज थोडेच शिल्लक आहेत. ज्या काळांत ते शेंकडोंनीं शिवले गेले त्या काळाच्या मानानें ही संख्या इतकी लहान कां, असें संग्रहालय पाहणाऱ्याच्या मनांत येतें. कारण उघड आहे. लग्न झाल्यावर झगा बहिणीनें नेला, मग मैत्रिणीनें. कोणी तो रंगवून मेजवानीचा पोशाख केला. पहिलें मूल झाल्यावर कोणी त्यांतूनच बाळाच्या नामकरणाचें अंगडें बेतलें. जो झगा कोणाच्याच उपयोगीं पडला नाहीं तो तेवढा टिकला. वस्तु नाहींशी होणें हाच येथें तिच्या सार्थकतेचा पुरावा आहे. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र त्यामुळें हात चोळीत बसावें लागतें.

आपल्याहि घरांत अशा गोष्टी असतील. आजीच्या ट्रंकेच्या तळाशीं एखादी हातशिलाईची चोळी असते, मुंजीच्या वेळीं आत्यानें शिवलेला एखादा परकर असतो, आणि तो कोणी, कोणत्या सालीं, काय मोडून शिवला, हें सांगणारें एकच माणूस घरांत उरलेलें असतें. त्या माणसाला आज विचारावें आणि उत्तर एका चिठ्ठीवर लिहून त्या वस्त्राच्या घडींत ठेवावें. पुढच्या इतिहासकाराला इतकें पुरेल.